साल कोणी सोलली?

आमच्या चौकीत चार माणसं, एक टेबल आणि किश्श्यांचा हा ढीग! मी वनरक्षक. राहते डोंबिवलीला मानपाड्यात, ड्युटी टिटवाळ्यापलीकडच्या जंगलात. सासूबाई विचारतात, "आज काय केलंस?" मी सांगते, "झाडाची साल कुठल्या जनावराने सोलली ते शोधलं." एवढंच. बाकीचं सांगितलं तर राजीनामा द्यायला लावतील!

*

हे काम शिकवलं मोरेकाकांनी. चौकीतले सगळ्यात जुने. टेप वगैरे काही नाही, स्वतःचं अंगच माप.

"गुडघ्याखाली कुरतडलंय? साळिंदर. कमरेशी? चितळ. छातीशी असेल तर सांबर. त्याला पुढचे वरचे दात नसतात, म्हणून खालून धरतं आणि वर ओढतं."

"आणि डोक्याच्या वर ओरखडे असतील तर?"

"मग मोजत बसायचं नाही. आधी मागे बघायचं!"

मी हसत मागे बघितलं. बिबट्या नव्हता. काका मात्र हसत नव्हते.

*

टिटवाळ्याला जंगलाला लागून नवीन बिल्डिंग झालीय. तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, आमची झाडं कोणीतरी सोलतंय!"

बुंध्याशी दोन-दोन दातांच्या बारीक रेघा आणि बाजूला काळा-पांढरा काटा. साळिंदर! सेक्रेटरींनी हौसेने काटा शोकेसमध्ये ठेवला.

आठवड्याने परत फोन. "मॅडम, साळिंदराचा काटा घरात असला की भांडणं होतात म्हणे?"

"मी नाही मानत."

"मीपण नव्हतो मानत. बायको माहेरी गेली! प्लीज घेऊन जा ना."

तो काटा आता आमच्या चौकीत आहे. म्हणजे, चौकीच्या बाहेर.

*

सावंत माझा जोडीदार, मूळचा कणकवलीचा. कशालाच घाबरत नाही असं तो स्वतःच सांगतो. एकदा एका खोडाची साल घासून गेलेली, वर चिखल आणि राठ केस.

"रानडुक्कर. अंग घासून गेलंय," म्हणत सावंतने त्यावर हात ठेवला. आणि हळूच काढून घेतला.

"काय रे?"

"अगं, चिखल अजून गरम आहे."

तेवढ्यात समोरच्या झुडपात कोणीतरी जोरात श्वास सोडला. आम्ही पाठ न दाखवता मागे-मागे आलो. सावंतची एक चप्पल तिथेच राहिली. ती आणायला तो अजून गेलेला नाही!

*

आणि हा कालूचा.

पाड्याच्या मागे ऐनाची पाच झाडं एकेक करून सोलली गेली. बुंध्यापासून फांदीपर्यंत, गोल, गुळगुळीत. दातांची खूण नाही, कोयत्याचीही नाही. वरचे साहेब म्हणाले, "दात नाहीत म्हणजे माणूस." आणि सकाळी नऊला पाड्यावरच्या कालूला आणून आमच्या बाकावर बसवलं, कारण तो औषधाला साल काढतो.

"तळहाताएवढी घेतो, ताई," तो मला म्हणाला. "आख्खा झाड मारून मी काय खाऊ?"

संध्याकाळपर्यंत प्राणी सापडला नाही तर त्याला कल्याणला कोर्टात नेणार होते. मला रडू येत होतं. त्याच्या झोपडीत कमावणारा तो एकटाच.

आदल्या दिवशी काकांनी सहाव्या ऐनासमोर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधलेला. दुपारी ते त्याचं कार्ड घेऊन आले. आम्ही लॅपटॉपभोवती जमलो, कालूसुद्धा.

त्याच सकाळचा, अकरा दहाचा फोटो : झाड, सालीसकट.

अकरा बाराचा फोटो : झाड, सालीशिवाय.

मध्ये काही नाही. माणूस नाही, जनावर नाही. खाली सालीचा तुकडाही नाही.

"अकरा वाजता कालू इथे चहा पीत होता!" मी ओरडलेच. साहेबांनी दोन्ही फोटो चार वेळा बघितले आणि कालूच्या केसचा कागद फाडला. "जा रे, सुटलास."

मग त्यांनी काकांना विचारलं, "कॅमेरा का नाही आणलात?"

काकांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला. "ज्या झाडाला बांधलेला, तेही सोललंय साहेब. कॅमेऱ्याच्या पट्ट्याखालचीपण साल गेलीय. पट्टा तसाच घट्ट आहे. मला हात लावावासा नाही वाटला."

दारापर्यंत गेलेला कालू वळला.

"काका, ता झाड म्हणजे माझ्या घराच्या कुडाला लागून हाय, ताच ना?"

काकांनी मान हलवली.

कालू परत येऊन बाकावर बसला.

"साहेब," तो म्हणाला, "बायको-पोरांना घेऊन येतो. आम्हाला सगळ्यांना आत टाका."