ऐकायलाव का?

आई गेल्यावर आमच्या लक्षात आलं की तिचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नाही. फोटो आहेत, तेही लग्नाकार्यातले, तोंड मिटून काढलेले. मोबाइल समोर धरला की ती पदर तोंडाला लावून "सरक तिकडं" म्हणायची, आणि आम्हीही शहाणे, लगेच मोबाइल खिशात घालायचो. कॅमेऱ्यासमोर ती बोलली ती एकदाच. विद्यापीठाच्या कला विभागाची पोरं परभणीहून बोरीला आमच्या घरी आली होती, खेड्यातल्या बायकांच्या कामावर फिल्म करायला. त्यांनी तिला जात्यावर तूर भरडायला बसवलं. आमची तूर कैक वर्षं गिरणीतच जाते, पण पोरांना जातंच हवं होतं, म्हणून कोपऱ्यात पडलेलं जातं झाडूनपुसून अंगणात आणलं. मी जिंतूरला शाळेवर होते. "तुझी माय हिरोईन झाली बग," असं तिनंच मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर पावसाळ्यात ती गेली.

विभागाचा महोत्सव आहे, त्यात ही फिल्म दाखवणार आहेत, असा निरोप आला तेव्हा वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आपणहून उठून दाढी करून आले. आई गेल्यापासून त्यांना जेवायलासुद्धा उठवावं लागत होतं. "आवाज ऐकायला भेटंल तिचा," एवढंच ते म्हणाले. मीही त्याच आशेवर रजा टाकली.

सभागृहात फिल्मच्या आधी एक प्रयोग होता. एक मुलगा अंगाला माती फासून, कमरेला पोतं गुंडाळून रंगमंचावर गडबडा लोळत होता. अण्णा माझ्या कानाशी आले. "ह्याला काय झालं गं?"

"तो जमीन झालाय, अण्णा."

"लय तरास हाय म्हणायचा जमिनीला," असं म्हणून ते पुन्हा सरळ बसले. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथं.

मग अंधार झाला आणि पडद्यावर आई आली. आख्ख्या भिंतीएवढी. तिच्या गळ्यातली काळी पोत, कपाळावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथं. अण्णांनी माझं मनगट धरलं. जातं फिरत होतं. फिरवता फिरवता आईनं मान वर केली, कॅमेऱ्याच्या मागं कुठंतरी बघितलं आणि तिचे ओठ हलले. ते ओठ मला वाचता आले. "आवं, ऐकायलाव का?" नवऱ्याला तिनं जन्मभर हीच हाक मारली. ऐकू मात्र आलं ते असं: "अवो धनी, ऐकताय नव्हं?"

कुणा तरुण मुलीचा ठसकेबाज आवाज होता. सभागृहात हशा पिकला. धनी! आमच्या बोरीत एक बाई दाखवा नवऱ्याला धनी म्हणणारी. हा शब्द सिनेमातल्या खेड्यात राहतो, आमच्या खेड्याशी त्याचा काही संबंध नाही. पुढंही तेच चाललं. आई तोंड हलवत राहिली आणि ती मुलगी बोलत राहिली. अण्णांनी माझं मनगट कधी सोडलं, ते मला कळलंही नाही.

नंतर प्रश्नोत्तरं होती. अण्णा उभे राहिले, कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. "बाई आमचीच हाय," ते म्हणाले, "पर बोलायली कोण?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा कौतुक करतोय. ज्यानं फिल्म केली तो मुलगा मात्र समजला. त्यानं खाली उतरून नीट सांगितलं: शेजारी पिठाची गिरणी चालू होती, तिच्या आवाजात काहीच स्पष्ट येत नव्हतं, म्हणून विभागातल्या एका मुलीकडून ग्रामीण बाजात सगळं बोलून घेतलं. मी विचारलं, मूळचं बोलणं कुठंय? फिल्म पूर्ण झाल्यावर कॅमेऱ्यातलं ते कार्ड पुसून पुढच्या शूटिंगला वापरलं होतं. असू दे की गिरणी, मी ओरडले, गिरणीसकट द्यायचं होतं! पोरगा रडवेला झाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याची दयाही आली, कारण आई गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

ती आवाज देणारी मुलगीही आली आणि अण्णांच्या पाया पडली. "चांगलं बोललीस, बाई," अण्णा म्हणाले.

बसस्टँडवर बोरीवरून जाणारी जिंतूरची गाडी लागायची होती. मी चहा आणला, तो अण्णांनी नुसता हातात धरून ठेवला.

"ती हाक खरीच व्हती," ते म्हणाले. "शूटिंगसाठी न्हाई. मी क्यामेऱ्याच्या मागंच हुबा व्हतो. पोरांनी सांगितलं व्हतं, काका, आवाज करू नका. म्हणून म्या ओ दिली न्हाई."

मी त्यांच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला.

"मंग पोरं जेवली, गेली. काय काम व्हतं तिचं, ते इचारायचं राहूनच गेलं."