नदीच्या आतल्या वळणावरचा प्लॉट

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या भूगोल विभागात माणसं तीनच. विभागप्रमुख आहेर सर, प्रॅक्टिकलचं सामान सांभाळणारे पगारे मामा आणि मी. तरी किस्से इतके साचलेत की मधली सुट्टी पुरत नाही. हल्ली सगळे माझ्याच घराचे असतात, त्याला माझा इलाज नाही.

*

गोदावरीकाठी प्लॉट बघताना मी नवऱ्याला कागदावर वळण काढून दाखवलं. "नदी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. आपण आतला घ्यायचा. जमीन वाढेल, जाणार नाही." एजंटसुद्धा मान डोलवत होता.

स्लॅब पडला तसे पेढे घेऊन विभागात गेले. आहेर सरांनी पेढा तोंडात टाकला नि म्हणाले, "पण मॅडम, गाळ टाकायला नदीला अंगणात यावं लागेल ना? की कुरिअरनं पाठवते?"

त्या पेढ्यापासून माझी झोप गेली.

*

अकरावीला दरी कशी तयार होते ते शिकवत होते. "नदीला घाई नसते. कातळ कापायला लाखो वर्षं घेते. आपल्या आयुष्यात कळतसुद्धा नाही."

मागच्या बाकावरून सानिका म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही दर दहा मिनिटांनी धरणाच्या विसर्गाचा मेसेज का बघता?"

*

फील्ड व्हिजिटला मुलांना माझ्या घरासमोरच्या, नदीपलीकडच्या उंच काठाशी नेलं. थर छान दिसतात तिथे. पिवळी माती, मधे नदीनं आणून टाकलेल्या गोट्यांचा पट्टा, वर काळी माती. मामांनी हौसेनं लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली, पट्ट्याची उंची धरली आणि तीच दुर्बीण त्याच उंचीवर माझ्या घराकडे फिरवली.

"मॅडम, तुमच्या वट्यावरचा मिक्सर दिसतोय. नदी तेवढी वर आल्ती."

"मामा, हजारो वर्षांपूर्वी."

"पन आल्ती ना."

*

गेल्या पावसाळ्यात विसर्ग वाढला, तशी आम्ही सासूबाईंना घेऊन भरदुपारी घर सोडलं आणि इंदिरानगरला नणंदेकडे गेलो. मिक्सर माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी परतलो तर आहेर सर आणि मामा आधीच फाटकाशी उभे. मामांनी माझ्याकडून किल्ली घेऊन फाटक उघडलं.

पाणी उंबऱ्याला टेकून माघारी गेलं होतं. अंगणात वीतभर गाळ.

नवऱ्यानं फावडं उचललं. सासूबाईंनी भूगोलाचं पुस्तक कधी उघडलेलं मला माहीत नाही, पण त्यांनी त्याचा हात धरला.

"काढू नको रे. नदी अजून चार-पाचदा येऊन गेली की अंगणच उंच होईल. मग कशाला येतेय."