तळ्याकाठचे मिस्त्री

"पाणी कुठं जाणार, ते आदी सांगा."

घर बांधायचं म्हणून कुणी बोलावलं, की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच असायचा. लोक नकाशा उलगडत, हॉल केवढा, देवघर कुठल्या दिशेला ते सांगू लागत. मिस्त्री ऐकून घेत आणि तांब्याभर पाणी मागत. मालकाला वाटे, तहान लागली असेल. मिस्त्री मात्र उकिडवे बसून ते पाणी हळूहळू जमिनीवर ओतत आणि ओघळ कुठे पळतो ते बघत राहत. ओघळ जिरला की उठत आणि म्हणत, "हां, आता बोला."

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल, ज्याला आपण कामापुरतं ओळखतो आणि पुढे कळतं की आपण त्याला ओळखलंच नव्हतं. मिस्त्रींच्या बाबतीत माझं तसं झालं.

केजपासून थोडं आत आमचं गाव आणि गावाबाहेर तळं. अलीकडच्या काठावर आम्हा नोकरदारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची चौदा घरं, पलीकडे मिस्त्रींची वस्ती. मी गावातल्या शाळेत शिक्षक. मागच्या दारात तळं असणं ही आमच्या बीड जिल्ह्यात चैनच. पाहुणे आले की आम्ही त्यांना पाणी द्यायच्या आधी मागच्या अंगणात नेऊन तळं दाखवायचो.

माझं घर मिस्त्रींनीच बांधलं. ओळंबा लावून झाला तरी एक डोळा मिटून भिंतीकडे असे बघायचे, की भिंतीनेच ताठ उभं राहावं. सगळं सुरळीत चाललं होतं. संडासाचा पाइप निघाला आणि आमचं बिनसलं.

"उतार तळ्याकडं हाय, गुरुजी. पाइप तिकडं सोडला तर समदं तळ्यात जाईल. संडास दोन पायऱ्या वर घेऊ आन् खड्डा फुडच्या अंगाला, रस्त्याकडं करू."

पुढच्या अंगाला मला ओटा हवा होता. बायको म्हणाली, "दारात संडासाचा खड्डा? लोक काय म्हणतील?" शिवाय बाकीच्या घरांचे पाइप तळ्याकडेच सोडले होते. संस्थेचे चेअरमन म्हणाले होते, एवढं मोठं तळं, त्याला काय होतंय.

मी मिस्त्रींना जरा चढ्या आवाजात म्हणालो, "घर माझं आहे. सांगतो तसं करा."

ते रागावले नाहीत. हातातली थापी धुऊन पुसली. "बाकीचं समदं करतो, गुरुजी. ह्यो पाइप माझ्या हातनं न्हाई."

आणि खरंच, गिलावा, फरशी, ओटा, सगळं त्यांनी मन लावून पुरं केलं. तेवढा पाइप तसाच ठेवला. तो मी दुसऱ्याकडून टाकून घेतला. वास्तुशांतीला मिस्त्री आले, जेवले, आणि हात धुताना मोरीच्या भोकाकडे बघत म्हणाले, "जेवण लई झकास झालं." पाइपाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

गावात त्यांच्या या वेडावर बरेच किस्से होते. मुलीसाठी स्थळ बघायला आष्टीकडे गेले होते. पाहुण्यांनी बैठकीत बसवलं, चहा दिला. चहा संपवून हे उठले ते थेट घराच्या मागे. दहा मिनिटांनी परत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा चांगला हाय. घरबी चांगलं हाय. पण मोरी उघडी हाय, अन् शेजारी आड हाय. शोषखड्डा घ्या, मंग तारीख धरू." मिस्त्रींच्या बायकोने पदर तोंडाला लावला. पण मुलगी पोरालाही आवडली असावी. आठ दिवसांत त्याने स्वतः खड्डा खोदला आणि निरोप धाडला, मामांनी येऊन बघून जावं. मिस्त्री गेले, खड्ड्यात उतरले, बाहेर आले आणि म्हणाले, "पोरीला इथं तरास न्हाई." लग्न लागलं. आम्ही हा किस्सा सांगून खूप हसायचो. मीही.

मग लागोपाठ पाऊस दगा देत गेला. तळं मागे सरकू लागलं. पहिल्या उन्हाळ्यात घाट उघडा पडला. पुढच्या उन्हाळ्यात गाळाला भेगा गेल्या आणि आमच्या चौदा घरांचे चौदा पाइप हवेत लोंबकळताना सगळ्या गावाला दिसले. प्रत्येकाखाली काळा हिरवा ओघळ, थेट तळ्याच्या मधोमध उरलेल्या ओलीपर्यंत. पाहुण्यांना मागच्या अंगणात न्यायचं आम्ही बंद केलं.

टँकर तहसीलमधून येई, पण तो आमच्या काठावर थांबे. वस्तीपर्यंत पोचता पोचता रिकामा होई. वस्तीवरच्या बायकांनी तळ्याच्या पोटात झिरे खोदले होते. हातभर खड्डा, तळाशी पाझरणारं पाणी, वाटीवाटीने घागर भरायची.

एका सकाळी मी तळ्यात उतरलो. मला माझा पाइप बघायचा होता. थोड्या अंतरावर मिस्त्रींची बायको झिऱ्यावर वाकली होती. माझी चाहूल लागताच तिने मान वर केली आणि काळजीने हाक मारली, "गुरुजी, इकडनं या. तिकडं घाण हाय, पाय भरंल."

ती घाण माझ्याच घरची होती. तिला ते माहीत असणार. पाइप तिच्या नवऱ्याने नाकारला होता. तरी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. माझा पाय घाण होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. मी तिने दाखवलेल्या वाटेने वर आलो. त्या दिवशी शाळेत फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात संस्थेची बैठक झाली. चेअरमननी मिस्त्रींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. म्हणाले, "पाइपांच्या तोंडावर मुरूम टाकून घ्या. तळं भरलं की पुन्हा कुणाला दिसत नाही."

मिस्त्री दाराशी उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती. "झाकाय मी येणार न्हाई, साहेब. खड्डे घ्यायचे असतील तर उद्या सकाळी येतो. जमीन कोरडी हाय तवर खोदाय सोपं. तळं भरल्यावर मला बोलावू नका."

सगळे चेअरमनकडे बघू लागले.

"उद्या माझ्याकडे या," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमचा ओटा फोडावा लागेल," चेअरमन म्हणाले.

"फोडू."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "सातला येतो," म्हणाले आणि टोपी घातली.

स्वतः बांधलेला ओटा त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडला. फरशी न फुटता निघावी म्हणून केवढी काळजी! दुपारी खड्ड्याच्या कडेला बसून भाकरी खाताना मी विचारलं, "मिस्त्री, तेव्हा मला शिव्या का नाही दिल्या?"

ते हसले. मग म्हणाले, "लहानपणी आईबापाबरूबर ऊस तोडाय गेलतो. आमच्या पाचटाच्या कोप्या नाल्याकडंला. वरच्या अंगाला मुकादमाची बैलं, त्याच्या वर दुसऱ्या टोळ्या. आमी समद्यात खाली. समद्यांचं धुणं, समद्यांची घाण आमच्या घागरीत. माझा धाकटा भाऊ हगवणीनं तिथंच गेला. वरच्यांनी काय मुद्दाम केलं का? न्हाई. त्यांना म्होरं कोण हाय ते दिसत नव्हतं." भाकरीचा तुकडा मोडला. "तुमालाबी दिसत नव्हतं."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने ताकाचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

माझ्यानंतर शेजाऱ्यांनी खड्डा घेतला, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. सगळ्यांत शेवटी, चौदावं घर चेअरमनचं. संडासाला दोन पायऱ्या सगळ्यांकडे चढल्या. खड्डे झाले तरी मिस्त्रींचं येणं थांबलं नाही. खड्डा भरत आला का बघायचे. मोरीच्या पाण्याला केळी आणि अळू लावायला लावलं. शेणाचे उकिरडे काठावरून हलवले. काठाने वाळा आणि गवत लावून घेतलं, म्हणजे वाहून येणारी माती आणि खत गवतातच अडेल. कुणी तळ्याच्या उतारावर ट्रॅक्टर धुवायला आणला की हे चाकापुढे जाऊन बसत. वाद घालत नसत, नुसते बसत. ट्रॅक्टरवाला वैतागून जायचा. पुढे संस्थेच्या नियमातच आम्ही लिहिलं, की तळ्याकडे कुणाचाही पाइप निघणार नाही. टँकरची फेरीही आधी वस्तीवर न्यायला लावली.

तळं भरलं. चेअरमननी सत्कार ठरवला, शाल, नारळ, सगळं. ऐन वेळी सत्कारमूर्तीच गायब. कुणाच्या तरी खड्ड्यात विटांचे तुकडे भरत होते. शाल घरी पोचवली तर बायको म्हणाली, "बरं झालं, थंडीत खड्ड्यात उतरत्यात."

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. माझ्या दारी आता पुन्हा ओटा आहे, थोडा बाजूला, त्यांनीच बांधलेला. आमच्या घरातली लहान मुलं तळ्यात पोहायला शिकली. तळं स्वच्छ ठेवल्याबद्दल लोक आमच्या संस्थेचं कौतुक करतात, तेव्हा मला ओशाळल्यासारखं होतं.

राख सावडायला आम्ही सगळे होतो. एका नातेवाइकाने मडकं उचललं आणि तळ्याकडे वळला. मिस्त्रींची बायको म्हणाली, "तळ्यात न्हाई. त्यांनी सांगून ठिवलंय." मग राख त्यांच्या शेतातल्या लिंबाच्या बुडाशी खड्डा करून ठेवली आणि वर माती लोटली.

आमच्याकडे त्यानंतर हातपाय धुवायचे असतात. पन्नासेक माणसं काठावर आली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चेअरमन सर्वांत पुढे होते. त्यांनी वाकून बादली भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि धापा टाकत ती तळ्यापासून लांब, वरच्या गवतात नेऊन ठेवली. मागोमाग एकेक जण तसंच पाणी भरून तिथे गेला आणि हातपाय धुऊन घराकडे वळला.