पालखीचा दांडा

निवृत्त झाल्यापासून लोक मला खून-दरोड्यांविषयी विचारतात. मला मात्र आधी आठवते ती एका लाकडी दांड्याची घटना. आजही ती सांगायला बसलो की जेवणाचे ताट डोळ्यांसमोर येते. ते का, हे पुढे कळेलच.

तेव्हा मी पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरची कोंडी सोडवण्यात आमचा निम्मा दिवस जायचा. आसपासची गावे शहरात सामील झाली होती आणि पालिका दरवर्षी नागरी उत्सव भरवायची. त्याची सुरुवात एका जुन्या आगरी गावातल्या गावदेवीच्या पालखीने व्हायची. त्या वर्षी रस्त्यांना आणि पाण्याला पैसा लागल्याने उत्सवासाठी हात आखडता घ्यावा लागला. मग एक बिल्डर पुढे आला. सगळा खर्च मी करतो म्हणाला, फक्त पालखी पहिल्यांदा माझ्या नव्या संकुलाच्या गेटवर टेकवा. उत्सव समितीला दुसरा मार्ग दिसेना, तिने मान डोलावली.

पालखी सोमवारी निघायची होती. शनिवारी सकाळी देऊळ उघडले तर पालखीचा दांडा गायब. हा दांडा पिढ्यान्‌पिढ्यांचा. दुसरा घालून पालखी उचलायची नाही, असा गावचा शिरस्ता. म्हणजे दांडा नाही तर पालखीही नाही.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. मंडपवाल्याचे मागच्या वर्षीचे बिल अडकले आहे, त्यानेच राग काढला, त्याला उचला. मंडपवाला कोकणी मुसलमान, गावात सगळ्यांच्या ओळखीचा. बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत ठाण्याबाहेर जमाव. अशा वेळी गर्दीतला प्रत्येक माणूस तपास अधिकारी होतो, आणि त्याचा तपास पूर्णही झालेला असतो.

मी मंडपवाल्याला समोर बसवले, चहा मागवला.

"बिल अडकलंय, झूट नाही बोलणार," तो म्हणाला. "पण साहेब, अब्बांच्या वेळेपासून तिथला मंडप आम्ही बांधतो. त्या दांड्याला आम्ही कधी हात लावला नाही. तो मान त्यांचा."

"मग कोणी नेला असेल?"

"ते मला काय माहीत? पण उद्या तो नाही मिळाला, तर माझ्या पोरांना या गावात कोण काम देणार?"

माणूस खरे बोलत होता. पण माझ्या खात्रीला बाहेरच्या जमावात किंमत नव्हती. त्याला घरी पाठवले, त्याच्या गोदामावर दोन शिपाई ठेवले आणि ठाणे दैनंदिनीत तशी नोंद केली.

पंचनाम्यात दोन गोष्टी खटकल्या होत्या. देवळाचे कुलूप शाबूत होते आणि देवीचा चांदीचा मुखवटा जागच्या जागी. चांदी सोडून लाकूड नेणारा चोर पैशासाठी आलेला नसतो. किल्ल्या गावातल्या मानकऱ्यांकडे होत्या. रविवारी मी एकेकाचा जबाब घेत फिरलो. शेवटी गेलो ते सर्वांत वयस्कर मानकऱ्याच्या घरी. पालखी आजवर पहिल्यांदा टेकायची ती याच आजोबांच्या अंगणात.

जबाबात काही निघाले नाही. मी उठलो तर आजोबांनी वाट अडवली. "पोलीस असलाव तरी पावनं हाव. जेवल्याबिगर नाय जावाचा."

ताट आले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भात, लोणचे. मी दोन घास खाल्ले आणि थांबलो. नोकरीत या गावांमधून मी पुष्कळ जेवलो आहे. रविवारी आगरी घरात पाहुणा जेवायला बसतो आणि ताटात मासळी नाही, असे मी कधी पाहिले नव्हते.

"आजोबा, आज रविवार. म्हावरा नाही केला?"

मला भाकरी वाढणारा आजोबांचा हात थांबला. सुनेने माळ्याकडे पाहिले आणि पटकन नजर खाली घेतली.

"घरान देवीचा दांडा हाय," आजोबा हळूच म्हणाले. "म्हावरा कसा शिजवाचा?"

माळ्यावर तो दांडा हिरव्या खणात गुंडाळून आढ्याला टांगलेला होता. खाली समई तेवत होती. चोरीचा माल इतक्या निगुतीने ठेवलेला मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

"त्या गेटची जमीन आमचीच होती," आजोबा म्हणाले. "जमीन इकली सायेब, मान नाय इकला. पालखी आधी तिथं टेकली असती त मी बापाला वर जाऊन काय सांगू?"

"आणि मंडपवाला?"

"त्याला ठाण्यान बसवला आयकला, तवापासून घास उतरला नाय. त्याचे बापान आमचे अंगनान मंडप बांधलाय." त्यांनी खुंटीवरचा सदरा घेतला. "चला. मी सांगतो सगल्यांना."

आणि त्यांनी सांगितले, ठाण्याच्या पायरीवर उभे राहून, पुन्हा जमलेल्या त्याच जमावासमोर. गर्दी गुपचूप पांगली. मंडपवाल्याला बोलावले होते. तो रागावेल म्हणून मी मध्ये उभा राहिलो, तर तो म्हणाला, "चाचा, मला तरी सांगायचंत. मीच गोदामात लपवला असता." आजोबा रडले. प्रकरण अजून तक्रार अर्जापुरतेच होते. दांडा मानकऱ्याकडेच मिळाल्याचा पंचनामा करून, गावाच्या संमतीने मी तो अर्ज निकाली काढला. निनावी फोन गावातल्याच एका रिकामटेकड्याचा निघाला. त्याला कडक समज दिली.

समितीने पालखी पूर्वीसारखीच आधी आजोबांच्या अंगणात टेकवायचे ठरवले, तसे बिल्डरने खर्चातून अंग काढले. गाण्याचा कार्यक्रम रद्द झाला, रोषणाई निम्म्यावर आली. मंडप मात्र उभा राहिला, आणि घरोघरी शिजलेल्या जेवणावर उत्सव पार पडला. सोमवारी पालखी आजोबांच्या अंगणात टेकली. पहिला नारळ वाढवायचा मान त्यांचा. त्यांनी तो नारळ मंडपवाल्याच्या हातात दिला. त्याने तो वाढवला आणि ढोल पुन्हा वाजू लागले.

गुन्हा करतानाही माणूस काय पाळतो ते बघावे, हे मी त्या घरात शिकलो. आजोबांना खोटे पचले असते, पण देवीच्या सान्निध्यात म्हावरा शिजवणे जमले नसते. त्यामुळे एक निरपराध माणूस वाचला आणि माझ्या हातून होऊ शकणारा अन्यायही टळला. त्या घराचे उपकार मी विसरू शकत नाही.

मंगळवारी नको, बुधवारी या, असा आजोबांचा निरोप आला. "दांडा देवलान गेला. आता म्हावरा खावाला या." मी गेलो. पंगतीत माझ्या शेजारचे पान मंडपवाल्याचे होते, आणि त्याला वाढायला आजोबा स्वतः उभे होते.