पन्नासाव्या घरातली रेघ

विंचूरच्या बाजूला एका कांद्याच्या गोदामात हवा खेळवणारा मोठा पंखा थरथरायला लागला, म्हणून गोदामाच्या शेठनी मला नाशिकहून बोलावलं. पंख्याची मोटर सायखेड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी नुकतीच नवी तार गुंडाळून भरून दिली होती. मोटरीवर तळहात ठेवून ते म्हणाले, "साहेब, वायंडिंग चांगलं हाय. पंखाच एका अंगाला जड झालाय."

मी मनात हसलो. माझ्याकडे सेन्सर होता, लॅपटॉप होता! दोन सेकंदांची थरथर नोंदवली, थरथरीतली वेगवेगळी कंपनं सुटी करून दाखवणारं फूरिये रूपांतर चालवलं आणि पडद्यावर एक उंच रेघ उभी राहिली, बरोबर पन्नासवर. आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना पन्नास दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. उचलली जीभ लावली टाळ्याला. जमलेल्या सगळ्या शेतकऱ्यांसमोर बोलून गेलो, "दोष विजेचा आहे. मोटर नीट भरलेली नाही." शेठनी तिथल्या तिथे मिस्तरींचं काम काढून घेतलं. ते पिशवी उचलून निघून गेले.

चार दिवसांनी रिपोर्ट लिहिताना आलेखाच्या आडव्या रेषेखाली 'हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, असं लिहायला गेलो आणि चूक समोर आली. तिथले आकडे हर्ट्झ नव्हतेच, रूपांतर थरथर ज्या घरांत वाटून मांडतं, त्या घरांचे नुसते क्रमांक होते. नोंद दोन सेकंदांची, म्हणून प्रत्येक घर अर्ध्या हर्ट्झचं. पन्नासावं घर म्हणजे पंचवीस हर्ट्झ, आणि पंखा सेकंदाला फिरत होता जवळजवळ पंचवीस वेळा. प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. म्हणजे पंखाच एका अंगाला जड! मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तसाच सायखेड्याला गेलो. मिस्तरींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीन खोटं नाय बोललं."

"नाही मामा. मीच चुकीचं वाचलं. माफ करा."

"मला कशाला सांगता? मला ठाऊकच व्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा. त्यातले तीन जण माझ्याकडं भरायला दिलेल्या मोटरी माघारी घेऊन गेले."

गोदामात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पंखा उघडला तेव्हा शेजारशेजारच्या दोन पात्यांवर धूळ आणि कांद्याची सालं चिकटून बसलेली निघाली. मग त्या तिघांच्या घरी गेलो. दोघांनी मोटरी पुन्हा मिस्तरींकडे पाठवल्या. तिसऱ्याने माझं सगळं ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"पर साहेब," तो म्हणाला, "मिस्तरी मोटर नीट भरत नाय, हे तुम्हीच तर सांगितलं व्हतं ना."