पेशंटचं काम

"मावशी, तुमचा चेहरा अगदी पेशंटसारखा आहे हो. मेकअपसुद्धा लागणार नाही."

मॅडम असं म्हणाल्या आणि वॉर्डातले सगळे हसले. कॅमेरावाला हसला, लाइट धरणारा हसला. दारात उभा असलेला आमचा मुकादम तर पोट धरून हसला. मीही हसले. न हसणाऱ्या बाईला आमच्याकडे 'ॲटिट्यूड आहे' म्हणतात, आणि ॲटिट्यूडवाल्या कंत्राटी बाईची ऑर्डर पुढे वाढत नाही.

मग मला हिरवा गाऊन दिला. पोटावर उशी बांधली. बेडवर झोपवलं. दोन्ही बाजूंचे कठडे वर केले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, त्याचं इलॅस्टिक डोक्यामागे ओढून बसवलं. मास्कला नळी होती, नळीत हवा नव्हती. वरचा पंखा आवाज नको म्हणून बंद केला होता. घाम डोळ्यांत जात होता आणि मॅडम सांगत होत्या, "हात हलवू नका हं मावशी. फ्रेम बिघडते."

मी या हॉस्पिटलात आया आहे. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंट पुसणं, ट्रॉली ढकलणं. आम्हा बायकांना इथे मावशी म्हणतात, पुरुषांना मामा. ऐकायला गोड वाटतं. पण इतकी वर्षं एकाच वॉर्डात राबून तुमचं नाव कुणाला माहीत नसतं, तेव्हा त्या गोडाची चव कळते. माझी आईही अशीच दुसऱ्या एका हॉस्पिटलात मावशी म्हणून खपली. घाटकोपरच्या डोंगरावरून पहाटे उतरायची, अंधारात चढायची. तिने मला कामावर लागताना एकच गोष्ट शिकवली. "कुणी नाव विचारलं तर नुसतं नाव सांगायचं. आडनाव गिळायचं." मी गिळत आले. कधी सांगावंच लागलं, तर समोरचा "अच्छा" म्हणतो. तो अच्छा मला पाठ आहे. तो ऐकला की पुढे काय काम वाट्याला येणार, तेही कळतं.

आमचं हॉस्पिटल उपनगरांत पसरलेल्या एका मोठ्या समूहातलं. सगळी सरकारी हॉस्पिटलं आणि प्रसूतिगृहं मिळून वर्षातून एकदा सोहळा करतात. कुणी काय कामगिरी केली त्याची फिल्म दाखवतात, मग स्टेजवर सत्कार. मॅडम जनसंपर्काच्या, मुख्य ऑफिसातून आलेल्या. कामगिऱ्या खोट्या नसतात, हे मी आधीच सांगते. आमचे डॉक्टर आणि सिस्टर जीव तोडून काम करतात. एका बेडवर दोन पेशंट असतात तेव्हाही करतात. ते मी रोज बघते. माझं भांडण कामाशी नाही.

भांडण पेशंट कोण होणार, इथे आहे.

आमच्याकडे ही रीतच आहे. आगीची मॉक ड्रिल असली की भाजलेला माणूस म्हणून आया नाहीतर सफाईवाला झोपवतात. हेल्मेट घालून उचलायला ऑफिसातले क्लार्क. पाहुणे आले, नवीन मशीन दाखवायचं आहे, की मशीनखाली आमच्यातलाच कुणीतरी. या फिल्मसाठी आधी ऑफिसातल्या एका पोरीला विचारलं होतं. ती म्हणाली, "शी, त्या बेडवर? मी नाही झोपणार." तिला कुणी काही बोललं नाही. बरोबरच वाटलं सगळ्यांना. मग मुकादम मला हाक मारून घेऊन आला. आम्हाला कशाची घाण वाटत नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं आहे.

आमच्या हॉस्पिटलची गोष्ट म्हणून फिल्ममध्ये लिफ्ट घेतली होती.

ती गोष्ट अशी. मालाडहून एक पोरगी आली होती, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सावंत सिस्टर टेबल तयार करायला जिन्याने पुढे धावल्या. मी ट्रॉली लिफ्टमध्ये घातली. तिच्या सासूला लिफ्टवाल्याने बाहेर ठेवलं, जागा नाही म्हणून, आणि तोही बाहेरच राहिला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली, दिवे गेले, पंखा गेला. मी बेल दाबली. दारावर लाथा मारल्या. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "येतोय मिस्त्री, थांबा." थांबा! ती पोरगी माझा दंड पकडून किंचाळत होती आणि मला स्वतःलाच श्वास घेता येत नव्हता. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मला फार भीती वाटली. मोबाइलचा टॉर्च दातांत धरायला गेले, तो पडला. तो तसाच जमिनीवर उजेड पाडत राहिला. मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "अगं ए, माझ्याकडे बघ. मी आहे ना. मी कुठे जात नाही." कुठे जाणार होते? दार तर बंद होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली. बाळ आलं ते माझ्या हातांत आलं. मी पदराने पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं. नाळ तशीच. ते रडलं तेव्हा मी त्याच्याहून मोठ्याने रडले.

मिस्त्रीने दार फाकवलं. सावंत सिस्टर आत उडी मारून आल्या, नाळ बांधली, कापली, बाळ उचलून धावल्या. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. बाहेर कुणीतरी फोटो काढला. फोटोत सिस्टर आणि बाळ. मी मागे लिफ्टची फरशी पुसत होते. ती कुणीतरी पुसायलाच हवी होती.

फिल्ममध्ये सावंत सिस्टरच लिफ्टमध्ये होत्या, असं ठरलं. लिफ्टमध्ये कॅमेरा मावत नाही, म्हणून वॉर्डातच अंधार करून बेडवर.

मी मॅडमना आधीच सांगितलं होतं. हळू, बाजूला घेऊन. "मॅडम, लिफ्टमध्ये मी होते."

"हो हो, कानावर आलंय माझ्या." त्या खरंच प्रेमाने बोलल्या. "पण असं बघा, आयाने डिलिव्हरी केली म्हटलं तर लोक आपल्यालाच चार प्रश्न विचारतील. आणि टीमच आहोत ना आपण सगळे? तुमचं पूर्ण नाव काय?"

मी नाव सांगितलं. त्या थांबल्या. मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "बरं, तुम्ही पेशंटचं काम करा. म्हणजे तुम्हीही फिल्ममध्ये याल."

लता आमच्या वॉर्डातली दुसरी आया, माझी मैत्रीण. तिने मला कोपराने ढोसलं. "झोप ना यार. थोडा वेळ पडायचं, सुटायचं. कशाला डोक्याची वाट लावतेस?" मुकादम म्हणाला, "ऑर्डर वाढायची आहे ना सगळ्यांची? मग गप पड." घरात कमावणारी मी एकटी. पोरगी बारावीला. मी झोपले.

कॅमेरा सुरू झाला. सावंत सिस्टर माझ्यावर वाकल्या. नवी कोरी पांढरी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाल्या.

"घाबरू नकोस. माझ्याकडे बघ. मी आहे ना."

माझं वाक्य. ते त्या पोरीने कुणालातरी सांगितलं असणार, तिथून मॅडमच्या कानावर गेलं असणार. 'अगं ए' काढून टाकलं होतं. धुऊन, इस्त्री करून माझंच वाक्य मला ऐकवत होते आणि माझ्या तोंडावर मास्क होता.

"छान! एकदा परत," मॅडम म्हणाल्या. "मावशी, जरा आणखी असहाय वाटू द्या. डोळ्यांत."

परत सिस्टर वाकल्या. परत तेच. मास्कच्या आत माझा श्वास मलाच परत येत होता, गरम, ओला. लिफ्टमध्ये जीव घुसमटला तेव्हा बाहेर निदान मिस्त्री येणार होता. इथे कोण येणार? इथे सगळे आत होते, माझ्याभोवती उभे होते, आणि सगळ्यांना हे ठीक वाटत होतं. मला माझा राग आला. मॅडमपेक्षा, मुकादमापेक्षा स्वतःचा जास्त. असहाय दिसायचं होतं ना? मी खरीच असहाय दिसत होते. त्यांनी मला माझ्याच कामातून काढलं होतं आणि त्याच कामाखाली झोपवलं होतं. उद्या माझी पोरगी ही फिल्म मोबाइलवर बघणार आणि विचारणार, आई, तुला काय झालं होतं?

मी मास्क ओढून काढला. इलॅस्टिक तुटलं. कठडा खाली पाडला आणि उभी राहिले. पोटावरची उशी गाऊनमधून घसरून सिस्टरांच्या पायांवर पडली.

"लिफ्टमध्ये मी होते," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "बाळ माझ्या हातांत आलं." आणि मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट. मोठ्याने.

कॅमेरावाला बिचारा म्हणाला, "मॅडम, आवाज क्लीन आलाय."

"डिलीट करा," मॅडम म्हणाल्या.

मी सावंत सिस्टरांकडे बघितलं. बोला ना, एवढंच हवं होतं. एक शब्द. त्या उशी उचलून झटकत राहिल्या.

"ए, जास्त शानपट्टी नको हां," मुकादम पुढे आला. "लता, तू ये."

आणि लता झोपली. माझ्याकडे न बघता झोपली. तिच्या पोटावर तीच उशी बांधली, तुटलेल्या इलॅस्टिकला गाठ मारून तोच मास्क चढवला. मी दारात उभी राहून ते सगळं शूटिंग बघितलं. लताचा मला राग नाही आला. तिचीही ऑर्डर त्याच मुकादमाच्या खिशात आहे. पण आमच्यातलं जे तुटलं ते तुटलं.

सोहळा झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. दुसऱ्या दिवशी सावंत सिस्टरांनी मला लिनन रूममध्ये गाठलं. चादरींच्या ढिगाआड. डोळे भरलेले. राग असो की रडू, त्या गावच्या बोलीवर येतात.

"माका सगळा म्हायती आसा गो. पण आता माज्या हातात काय रवला नाय."

"सिस्टर, इथे मला कशाला सांगताय? इथे फक्त चादरी आहेत. तिकडे जाऊन सांगा."

त्या गेल्या नाहीत. बाई वाईट नाही. पण चादरींच्या आड मागितलेली माफी मला नको होती, आणि मी ती घेतली नाही.

महिनाअखेर मुकादमाने सगळ्यांच्या ऑर्डरी वाटल्या. माझी नाही. "मॅडम आल्यात," तो म्हणाला. "चल. सॉरी बोल, विषय संपव. मी पण किती सांभाळू तुला?"

केबिनमध्ये एसी होता. मॅडमनी मला खुर्ची दिली. हे खरं सांगते, खुर्ची दिली, पाणी दिलं. "मी काही मनावर घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस भावनेच्या भरात बोलतो. तुम्ही फक्त चुकलं म्हणा. मी आत्ता फोन करते ऑर्डरसाठी."

किती सोपं होतं. एक शब्द. मुकादम मागे उभा, दार बंद. पोरीची फी आली डोळ्यांसमोर, आई आली डोंगर चढताना. तो शब्द माझ्या तोंडात आलाही होता. जिभेवर होता. इतकी वर्षं आडनाव गिळताना जी चव यायची, तीच चव होती त्याला.

"मी चुकले नाही," मी म्हणाले. "तुम्ही चुकलात. तुम्हाला माहीत होतं, तरी चुकलात."

मॅडमचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्यांनी फोन उचलला नाही. मी पाणी तसंच ठेवून बाहेर आले. पॅसेजमध्ये मुकादम कुजबुजला, "उद्यापासून यायचं नाही. समजलं?" कुजबुजतच म्हणाला. पेशंटच्या नातेवाइकांनी ऐकू नये, सिस्टरांनी ऐकू नये. मला काढायचं होतं, पण आवाज न करता. आमच्या कितीतरी बायका अशाच गेल्या. एक दिवस दिसेनाशा झाल्या आणि वॉर्डाने विचारलंसुद्धा नाही.

रात्रभर मी हेच घोळवत राहिले. सकाळी पोरीने डबा भरताना विचारलं, "आज कुठे जातेस?"

"कामावर."

मी युनिफॉर्मची साडी नेसले आणि गेले. आता वॉर्डाच्या दारात उभी आहे. पेशंटना भेटायला आलेली माणसं आजूबाजूने जातायत. मुकादम लांबून हातवारे करतोय, मागच्या जिन्याकडे ये म्हणतोय, बोलू म्हणतोय. मी मागच्या जिन्याकडे जाणार नाही. आज आले, उद्याही येणार, परवाही. मला अडवायचं असेल तर इथे, दारात, या सगळ्यांसमोर अडवा. माझं पूर्ण नाव घ्या, आणि का अडवताय ते मोठ्याने सांगा.