जावेचा पियानो

माझ्या धाकट्या जावेला सूर कळत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मी बघते आहे. भजनात ती टाळसुद्धा भलत्याच जागी मारायची. अशा बाईच्या घरी पियानो आला, आणि तोही आपोआप वाजणारा.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण पेटी वडिलांकडून नीट शिकले. सासरी आल्यापासून घरात बारसं असो की वास्तू, बायकांच्या गाण्याला पेटी माझीच. आता उजवा कान गेला आहे, म्हणून वाजवताना गुडघा पेटीला टेकवून ठेवते. कानाला कमी पडतं ते लाकडातून कळतं.

जावेच्या मुलाने वाशिमला बंगला बांधला. वास्तूचं बोलावणं फोनवर आलं, त्यात पेटी आणा असं कोणी म्हटलं नाही. मी समजले, सांगायचं कशाला, ती येणारच. मंगरूळपीरहून एसटीने पेटी मांडीवर घेऊन गेले.

पूजा झाली, जेवणं झाली, बायका सतरंजीवर बसल्या. मी पेटीच्या फडक्याची गाठ सोडायला हात घातला, तेवढ्यात पुतण्या आला.

"मोठी आई, राहू द्या आता. तुमी आराम करा. हा आपल्या आपणच वाजते."

त्याने मोबाईलवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या काळ्या पियानोच्या पट्ट्या खालीवर व्हायला लागल्या. स्टुलावर कोणी नाही आणि आमचंच नेहमीचं भजन चाललेलं. एकीने विचारलं, आत कोणाले बसवलं बापा? सगळ्या हसल्या.

मी उठले आणि पियानोवर तळहात ठेवला. लाकूड थंड, मेल्यासारखं, थरथर काहीच नाही. मला बरं वाटलं, लपवत नाही. म्हटलं, टेप लावला आहे हा, दुसरं काही नाही.

पुतण्या म्हणाला, हॉल मोठा म्हणून स्पीकरवर टाकला होता, आता तारांवर ऐका. त्याने झाकण उचललं. आत तारा, आणि त्यांच्यावर पडणाऱ्या लोकर लावलेल्या लहान हातोड्या. भजन पुन्हा सुरू झालं. या खेपेला थरथर मनगटापर्यंत आली. स्पीकरचा आवाज मोठा होता, पण सगळा एका मापाचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हा सूर उमटत होता, भरत होता, मग तारेतच हळूहळू विरत होता. दुसऱ्या ओळीत एका जागी पट्टी इतकी अलगद दबली, की माझ्या हाताने तसं कधी केलेलं नाही.

पुतण्याने सांगितलं, कोणीतरी चांगल्या माणसाने एकदा वाजवलं, कोणती पट्टी किती जोरात दाबली ते यंत्राने लक्षात ठेवलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. त्याच जागी तेवढंच अलगद. तिसऱ्यांदाही तेच. माझी पेटी दोनदा सारखी वाजत नाही. गाणारीचा दम कमी पडला तर मी भाता धरून थांबते. हा कोणासाठी थांबत नव्हता. बायका गायला लागल्या, तर दुसऱ्या कडव्यात तो पुढे निघून गेला आणि त्या मागून धावल्या. आता कोणीतरी म्हणेल, पेटी काढा. मी वाट बघत बसले. त्या हसल्या आणि पुन्हा त्याच्याबरोबर पहिल्यापासून सुरू झाल्या.

मग जाऊ उठली. पदर खोचून स्टुलावर बसली आणि हलत्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. पट्ट्या खाली जात होत्या, बोटं त्यांच्याबरोबर जात होती. तिच्या सुनेने फोटो काढला. फोटोत तीच वाजवते आहे असं दिसणार.

"तू कायले बसली तिथं? तो तं आपोआप वाजते," मी म्हटलं.

तिने मान वळवली नाही. "बाई, नवी होती तवा म्या तुमाले म्हटलं होतं, मले पेटी शिकवा. तुमी म्हणाल्या, तुह्या बोटात सूर नाही. यानं मले काही विचारलं नाही. बसू देलं."

तिचं म्हणणं खरं होतं. तेव्हा मी तिची बोटं पाहिलीसुद्धा नव्हती. घरात पेटी एक होती आणि वाजवणारी एक होती, ते मला तसंच ठेवायचं होतं. हे मी तिथे बोलले नाही. पेटीची गाठ न सोडता संध्याकाळच्या आत घरी आले.

घरी ती दुसरी ओळ वाजवून पाहिली. भाता हळू धरून पाहिला, बोट कमी दाबून पाहिलं. पेटीचा सूर भाता चालेल तोवर चालतो आणि मग थांबतो, तारेसारखा विरत नाही. तरी रोज बसते.

परवा जावेच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, आई रोज दुपारी पियानोवर बोटं ठेवून बसतात. आता पट्टी खाली जायच्या आधीच त्यांचं बोट तिथे जाऊन थांबतं. काल यंत्र बंद असताना पहिली ओळ वाजवली, एक जागा चुकली फक्त.

कोणती जागा, मी विचारलं.

ते तिला सांगता आलं नाही. म्हणाली, तुम्हीच येऊन ऐका ना मोठी आई, त्या तुमची वाट पाहून राहिल्या आहेत. मी येते म्हटलं. अजून गेले नाही.